वार्धक्यातील रोहिणीविकार आणि प्रतिमांकन

वयोमानाने मनुष्याच्या रोहिण्या जाड व कठीण होतात, ही गोष्ट शवविच्छेदनामुळे वैद्यकशास्त्रास फार पूर्वीच कळून चुकली होती. जिवंत मनुष्याच्या शरीरातील हा फेरफार त्यास इजा न करता डोळ्यांनी पाहता येणे ही मात्र गेल्या सव्वाशे वर्षांतील, आणि त्यातही मुख्यतः गेल्या पन्नास वर्षांतील कमाई होय. क्ष-किरण, चुंबकीय अनुस्पंदन आणि श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे रुग्णालयांत ज्यास सोनोग्राफी म्हणतात तो प्रकार, या तिहींच्या योगे आज शरीरातील बहुतेक कोणतीही मोठी रोहिणी काही मिनिटांत पडद्यावर आणता येते. परंतु साधन हाती आले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाच्या सर्व मोठ्या रोहिण्यांचे चित्र घेतले, तर कोठे ना कोठे काही विकृती आढळावयाचीच. सर्वांगी निर्दोष चित्र विरळा. अशा वेळी आढळलेल्या विकृतीपैकी कोणती त्याच्या जिवावर बेतणार आहे, कोणती त्याच्या सोबतीने निरुपद्रवीपणे अखेरपर्यंत राहणार आहे, आणि ती आधी कळल्याने त्याचे आयुष्य वाढते की केवळ चिंता वाढते, हे चित्र स्वतः होऊन सांगत नाही. वृद्धांच्या रोहिणीविकाराच्या बाबतीत प्रतिमांकनाची योग्यता ठरवावयाची ती या कसोटीवर.

प्रथम विकाराचे स्वरूप पाहू. रोहिणीची भित्ती अंतःस्तर, मध्यस्तर व बाह्यस्तर अशा तीन स्तरांची असते. वार्धक्यात तीत दोन निरनिराळे फेरफार होतात आणि त्यांची गल्लत सर्रास केली जाते. पहिला मध्यस्तरात होतो. तेथील स्नायुतंतूंत कॅल्शियमचे निक्षेप साचून नळी ताठर बनते, परंतु तिची पोकळी अरुंद होत नाही. म्योन्केबेर्ख या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये याचे वर्णन केले. दुसरा फेरफार अंतःस्तरातील होय. तेथे कोलेस्टेरॉल, शोथपेशी व तंतुमय ऊतक यांचा थर जमतो, त्यात पुढे कॅल्शियम साचते, आणि एखाद्या दिवशी त्या थराचे आवरण फाटून त्यावर रक्ताची गुठळी धरते. यासच रोहिणी विलेपी विकार म्हणतात. हृदयविकाराचा झटका, मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणारा पक्षाघात व पायाचा कोथ यांच्या मुळाशी बहुधा हा दुसरा विकार असतो. क्ष-किरणचित्रावर मात्र दोन्हींतील कॅल्शियम सारखेच पांढरे दिसते, आणि मधुमेही वृद्धाच्या पायात तर दोन्ही एकत्रच नांदतात.

रोहिण्यांचे चित्र घेण्याचा प्रयत्न क्ष-किरणांइतकाच जुना आहे. रंटगेन यांस हे किरण नोव्हेंबर १८९५ मध्ये आढळले, आणि जानेवारी १८९६ मध्येच व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेनथाल यांनी एका शवाच्या हाताच्या रोहिण्यांत क्ष-किरणांस अपारदर्शक असे मिश्रण भरून त्यांची छाया टिपली. जिवंत माणसावर हे करण्याजोगा निर्धोक द्रव मिळेपर्यंत तीस वर्षे गेली. १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रोहिण्या दाखविल्या व १९२९ मध्ये त्याच शहरात रेनाल्डो दुश सांतुश यांनी महारोहिणी दाखविली. त्याच वर्षी फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्या दंडातील नीलेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरणचित्र काढून घेतले. या साहसाची बूज नोबेल पारितोषिकाच्या रूपाने राखली गेली, पण ती १९५६ मध्ये. दरम्यान १९५३ मध्ये सेल्डिंगर यांनी स्टॉकहोममध्ये शस्त्रक्रियेवाचून, केवळ सुई व तार यांच्या साहाय्याने रोहिणीत कॅथेटर घालण्याची युक्ती काढली, आणि १९५८ मध्ये क्लीव्हलँड येथे सोन्स यांच्या हातून महारोहिणीत सोडावयाचा द्रव अनपेक्षितपणे उजव्या हृद्‌रोहिणीतच गेला. रुग्ण वाचला, आणि हृद्‌रोहिण्यांचे स्वतंत्र चित्रण शक्य आहे हे सिद्ध झाले.

या सर्व पद्धतींत एक समान दोष होता व तो बराच काळ कोणाच्या ध्यानात आला नाही. द्रव भरून घेतलेले चित्र हे रोहिणीचे नसून तिच्या पोकळीचे असते. विहिरीतील पाण्याचा पृष्ठभाग किती रुंद आहे हे वरून पाहून तिच्या बांधकामातील दगड किती ढासळले आहेत हे कळत नाही, तशातला हा प्रकार आहे. शिकागो येथील ग्लागोव्ह व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये १३६ हृदयांच्या डाव्या मुख्य हृद्‌रोहिणीचे छेद मोजून असे दाखविले की, विलेप वाढू लागला म्हणजे रोहिणी प्रथम बाहेरच्या अंगास फुगते आणि पोकळी होती तेवढीच राखते. अंतःस्थ स्थितिस्थापक पटलाने वेढलेल्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के भाग विलेपाने व्यापेपर्यंत पोकळी आकुंचित होत नाही. यावरून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. एक तर निर्दोष दिसणाऱ्या पोकळीमागे पुष्कळ विकार दडलेला असू शकतो. दुसरे असे की, यापुढे भित्तीकडेच पाहावयास हवे.

भित्तीकडे पाहण्याचे साधन संगणकीय छेदचित्रणाने, म्हणजे सीटी स्कॅनने, पुरविले. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डन येथे घेतले गेले. मेंदू स्थिर असतो. हृदय थांबत नाही, ही अडचण दूर व्हावयास आणखी बरीच वर्षे लागली. पुढे अतिशय वेगवान यंत्रे आली व चित्र हृदयाच्या विद्युत्-आलेखाशी जुळवून घेता येऊ लागले, तेव्हा हृद्‌रोहिण्यांतील कॅल्शियम मोजणे शक्य झाले. १९९० मध्ये अ‍ॅगॅट्स्टन, जॅनोविट्झ व त्यांचे सहकारी यांनी त्यासाठी जी गणनापद्धती सुचविली तीच आजही रूढ आहे. हाउन्सफील्ड मापनात पाण्याची घनता शून्य व हवेची उणे १००० धरतात. त्या मापावर १३० किंवा अधिक घनतेचा व किमान एक चौरस मिलिमीटर क्षेत्राचा ठिपका म्हणजे कॅल्शियम समजावयाचे, त्याच्या क्षेत्रास घनतेनुसार १ ते ४ या अंकांनी गुणावयाचे, आणि सर्व ठिपक्यांची बेरीज करावयाची. यात सुई नाही, द्रव नाही, आणि किरणमात्रा साधारणतः एक मिलिसीव्हर्टच्या आसपास असते. पृथ्वीवरील मनुष्यास निसर्गतः वर्षास सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतच असते, हे लक्षात घेता हे प्रमाण क्षुल्लक म्हणता येईल.

एवढ्या सोप्या संख्येने वैद्यकास भुरळ पडली यात नवल नाही. तिच्या साह्याने दूरच्या काळातील व दूरच्या समाजांतील माणसांची तुलनाही करता येऊ लागली. ईजिप्तमधील ममींच्या रोहिण्यांत विकार असल्याचे रफर यांनी १९११ मध्येच दाखविले होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ईजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका व अल्यूशन बेटे येथील १३७ ममींचे छेदचित्रण करण्यात आले, आणि त्यांपैकी ४७ मध्ये, म्हणजे सुमारे एकतृतीयांश शरीरांत, रोहिणी विलेपी विकार असल्याचे निश्चित वा संभाव्य पुरावे मिळाले. शिकारीवर जगणाऱ्या अल्यूशन बेटांतील माणसेही त्यातून सुटलेली नव्हती. तेव्हा हा विकार केवळ मोटारी व खानावळी यांचे अपत्य आहे, ही समजूत टिकत नाही. उलटपक्षी २०१७ मध्ये बोलिव्हियातील त्सिमाने जमातीच्या ७०५ प्रौढांची याच पद्धतीने तपासणी झाली, तेव्हा ८५ टक्के लोकांच्या हृद्‌रोहिण्यांत कॅल्शियम मुळीच आढळले नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांतही हे प्रमाण ६५ टक्के होते. विकार पुरातन आहे, परंतु वार्धक्याशी त्याची गाठ अटळपणे बांधलेली नाही, असा या दोहोंचा मेळ घालावा लागतो.

वृद्ध रुग्णाच्या बाबतीत ही संख्या वाचताना मात्र सावधगिरी हवी. पन्नाशीच्या माणसाची संख्या ३०० आली तर ती धोक्याची घंटा असते. ऐंशी वर्षांच्या पुरुषात तीच संख्या आली तर त्याचे समवयस्क बहुतेक तसेच असतात. याहूनही सूक्ष्म असा एक दोष गणनापद्धतीतच आहे. अ‍ॅगॅट्स्टन यांच्या रीतीत अधिक घन ठिपक्यास अधिक गुण मिळतात. परंतु अमेरिकेतील बहुवांशिक पाहणीच्या आधारे क्रिकी व सहकारी यांनी २०१४ मध्ये असे दाखविले की, कॅल्शियमचे आकारमान सारखे असता त्याची घनता जितकी जास्त तितका पुढील धोका कमी असतो. घट्ट, दगडासारखा झालेला विलेप फुटत नाही. फुटतो तो मऊ, वसायुक्त विलेप. म्हणजे ज्या गुणाने धोका घटतो त्या गुणासाठी ही पद्धती संख्या वाढविते! त्यात भर अशी की, कोलेस्टेरॉल घटविणारी स्टॅटिन वर्गातील औषधे विलेप घट्ट करतात. दहा वर्षे इमानाने औषध घेतलेल्या वृद्धाची संख्या पुन्हा मोजली असता ती वाढलेलीच आढळते आणि औषध निरुपयोगी ठरले असा त्याचा ग्रह होतो. वास्तविक तेथे औषधाने आपले काम केलेले असण्याचा संभव असतो. एकदा उपचार सुरू झाल्यावर ही संख्या पुनःपुन्हा मोजण्यात अर्थ नाही, असे म्हणावयास यामुळेच आधार मिळतो.

तथापि याच चाचणीचे एक उत्तर वृद्धांच्या बाबतीत विशेष बोलके असते, ते म्हणजे शून्य. सरासरी ६९ वर्षे वयाच्या, लक्षणरहित अशा ५,८०५ अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, ३२ टक्के व्यक्तींच्या हृद्‌रोहिण्यांत कॅल्शियम आढळले नाही, व २३ टक्के व्यक्तींच्या ग्रीवारोहिण्यांत विलेप आढळला नाही. केवळ वय पाहून धोका मोजणाऱ्या कोष्टकांप्रमाणे यांतील बहुतेक सर्वांना आजन्म औषध द्यावे लागले असते, कारण त्या कोष्टकांत सत्तरी गाठणे हाच मोठा अपराध असतो. पुढील काही वर्षांत या शून्यवाल्या गटात हृद्रोगाच्या घटना फारच थोड्या घडल्या. वृद्धाच्या रोहिणीत विकार सापडणे ही बातमी नव्हे, न सापडणे ही बातमी. आणि चाचणीचा उपयोग औषध चढविण्यापेक्षा टाळण्याकडे अधिक होऊ शकतो.

द्रव टोचून घेतलेल्या हृद्‌रोहिणीच्या छेदचित्राने कॅल्शियमविरहित मऊ विलेपही दिसतो. स्कॉटलंडमधील एका प्रयोगात छातीत दुखण्याची तक्रार असलेल्या ४,१४६ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ज्यांना नेहमीच्या तपासणीच्या जोडीस हे छेदचित्रणही मिळाले, त्यांच्यात पाच वर्षांत हृद्रोगाने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण ३.९ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. आकडे समाधानकारक आहेत खरे, पण या रुग्णांचे सरासरी वय ५७ होते व त्या सर्वांस लक्षणे होती. ऐंशीच्या घरातील माणसात हेच चित्र घेताना अनेक विघ्ने येतात. कॅल्शियमचा पांढरा ठिपका क्ष-किरणचित्रात आपल्या खऱ्या आकारापेक्षा मोठा दिसतो व शेजारची पोकळी झाकून टाकतो. त्यामुळे नसलेला अडथळा दिसू लागतो. हृदयाचे ठोके अनियमित असले तर चित्र फाटल्यासारखे येते. द्रवातील आयोडीन थकलेल्या मूत्रपिंडांवर भार टाकते. प्रत्येक क्ष-किरणकण स्वतंत्रपणे मोजणारी जी यंत्रे २०२१ पासून रुग्णालयांत येऊ लागली, त्यांनी पहिली अडचण बरीच कमी केली आहे. बाकीच्या दोन रुग्णाच्या शरीरातील असल्याने यंत्राच्या सुधारणेने पुरत्या जाण्यासारख्या नाहीत.

आता अशा एका उदाहरणाकडे वळावयाचे की, जेथे प्रतिमांकनाने वृद्धांचे प्राण वाचतात हे निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. ते उदाहरण उदरातील महारोहिणीच्या विस्फाराचे होय. नाभीच्या आसपास सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची ही रोहिणी काही माणसांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत, हळूहळू फुगत जाते. भित्तीवरील ताण हा दाब व त्रिज्या यांच्या गुणाकाराशी सम प्रमाणात व भित्तीच्या जाडीशी व्यस्त प्रमाणात असतो, हा लाप्लास यांचा नियम. यास्तव जो फुगा फुगला तो अधिकच वेगाने फुगण्याकडे कल असतो. तो वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही. एके दिवशी फुटतो, आणि ज्यांचा फुटतो त्यांतील बहुसंख्य दगावतात. पुष्कळ जण तर रुग्णालय गाठण्यापूर्वीच.

हा विस्फार सोनोग्राफीत सहज दिसतो. पोटावर थोडे जेल लावून पाच-दहा मिनिटांत व्यास मोजता येतो. किरणबाधा नाही, टोचणे नाही, व उत्तर एका संख्येत मिळते. इंग्लंडमधील पोर्टस्मथ, साउदॅम्प्टन, विंचेस्टर व ऑक्सफर्ड या चार ठिकाणी ६५ ते ७४ वर्षे वयाच्या ६७,८०० पुरुषांची यादृच्छिक विभागणी करून निम्म्यांना तपासणीचे निमंत्रण धाडण्यात आले, व त्यांतील ८० टक्के आले. तपासलेल्या २७,१४७ पुरुषांपैकी १,३३३ जणांत तीन सेंटिमीटर वा अधिक व्यासाचा विस्फार आढळला. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांप्रमाणे विस्फारामुळे झालेले मृत्यू निमंत्रित गटात ६५ व दुसऱ्या गटात ११३ होते, म्हणजे धोका ४२ टक्क्यांनी घटला. नियोजित शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत ६ टक्के रुग्ण मृत्यू पावले, तर तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर ३७ टक्के. चाळणी परीक्षेचे सगळे समर्थन या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

यशाचे कारण केवळ सोनोग्राफीच्या अचूकपणात शोधले तर चुकेल. व्यास किती झाला म्हणजे शस्त्रक्रिया करावयाची याचे उत्तर आधीच तयार होते. चार ते साडेपाच सेंटिमीटर व्यासाच्या १,०९० रुग्णांवर ब्रिटनमध्ये प्रयोग होऊन १९९८ मध्ये असे ठरले होते की, इतक्या लहान विस्फारावर घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही. साडेपाचपर्यंत थांबून नियमितपणे मोजत राहावे. चित्रात काय दिसल्यास काय करावयाचे व काय दिसल्यास काहीच करावयाचे नाही, या दोहोंची उत्तरे हाती असल्यावाचून चाळणी परीक्षा सुरू करणे म्हणजे वाट न ठरविता बैल जुंपणे होय. इंग्लंडमध्ये ६५ व्या वर्षी पुरुषांना निमंत्रण देण्याची योजना २००९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर एक लक्षणीय गोष्ट घडली. तपासणीत विस्फार सापडण्याचे प्रमाण, जे पूर्वी सुमारे पाच टक्के होते, ते जवळजवळ एक टक्क्यावर उतरले. धूम्रपान घटल्याचा हा मुख्य परिणाम मानतात. रोग जसजसा विरळ होतो तसतशी चाळणी महाग पडू लागते, आणि एकेकाळी उत्तम ठरलेली योजनाही पुन्हा तपासून पाहावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत तर चिचेस्टर येथील पाहणीत हे प्रमाण पुरुषांतील ७.६ टक्क्यांच्या तुलनेत १.३ टक्केच आढळले होते व तपासणीचा लाभ दिसला नव्हता. म्हणूनच या योजनांत स्त्रियांस सरसकट बोलावीत नाहीत.

त्याच सोनोग्राफी यंत्राचे टोक पोटावरून मानेवर नेले की सारा रंग पालटतो. मानेतील ग्रीवारोहिणी त्वचेच्या अगदी लगत असल्याने तिचे चित्र फार सुरेख येते, आणि डॉप्लर तत्त्वाने रक्ताचा वेग मोजून अरुंदपणाचा अंदाजही बांधता येतो. ज्या रुग्णास नुकताच सौम्य पक्षाघात होऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत ही तपासणी अत्यावश्यक होय. उत्तर अमेरिकेतील १९९१ च्या प्रयोगात अशा, व ७० टक्क्यांहून अधिक अरुंद रोहिणी असलेल्या रुग्णांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतील धोका शस्त्रक्रियेने २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. परंतु कोणतेही लक्षण नसलेल्या वृद्धांना रांगेत उभे करून त्यांच्या माना तपासणे ही निराळीच बाब आहे.

थोडे गणित येथे उपयोगी पडेल. समजा, दहा हजार लक्षणरहित वृद्धांपैकी १ टक्का, म्हणजे १०० जणांस ग्रीवारोहिणीचा तीव्र अरुंदपणा आहे. चाचणी खऱ्या रोग्यांपैकी ९० टक्के ओळखते व निरोग्यांपैकी ९४ टक्क्यांस बरोबर निरोगी ठरविते असे धरू. चाचणी म्हणून हे गुण उत्तमच आहेत. मग १०० पैकी ९० रोगी सापडतील. पण उरलेल्या ९,९०० निरोग्यांपैकी ६ टक्के, म्हणजे ५९४ माणसेही रोगी ठरतील. एकूण ६८४ जणांस ‘तुमची मानेतील नस अरुंद आहे’ असे सांगितले जाईल, आणि त्यांपैकी दर आठांत जेमतेम एकाचीच ती खरोखर तशी असेल. बाकीच्यांची पुढील तपासणी, जागरणे व घरच्यांची धावपळ हा खर्च कोणत्याही अहवालात लिहिला जात नाही. ज्याचा अरुंदपणा खरा निघतो त्यासही शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पक्षाघात होण्याचा धोका थोडा का होईना असतो, आणि हा धोका आज पत्करावयाचा व लाभ पाच वर्षांनी घ्यावयाचा, असा तो व्यवहार आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसास असा करार करावयास लावताना हात आखडलेला बरा. शिवाय औषधेही सुधारली. १९९५ च्या अमेरिकन प्रयोगात केवळ औषधांवर ठेवलेल्या लक्षणरहित रुग्णांत पाच वर्षांचा धोका ११ टक्के मांडला गेला होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट-२ या जोडप्रयोगात औषधोपचारावरील गटांचा चार वर्षांचा धोका ५ ते ६ टक्क्यांच्या आसपासच होता. त्यात स्टेंट बसविल्याने तो आणखी घटला, शस्त्रक्रियेने मात्र निर्णायक फरक पडला नाही. हे निष्कर्ष आधीच सापडलेल्या रुग्णांपुरते आहेत. लक्षणरहित जनतेची सरसकट तपासणी करू नये, हा अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये पुन्हा दिलेला सल्ला त्यांनी आपोआप रद्द होत नाही.

पायांच्या रोहिण्यांसाठी चित्राची प्रथम गरजच नसते. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढले व ते ०.९० किंवा कमी आले की विकार गृहीत धरतात. मात्र म्योन्केबेर्ख यांच्या विकाराने नळी इतकी ताठर झालेली असते की रक्तदाबमापकाच्या पट्ट्याने ती दबत नाही, आणि गुणोत्तर १.४० च्या वर जाऊन विकारी पाय निर्दोष भासतो. मधुमेही वृद्धांत हा चकवा नेहमीचा. तेथे डॉप्लर चित्रणाचा आश्रय घ्यावा लागतो.

निरनिराळ्या रोहिण्यांच्या चाचण्या एकत्र केल्या तर काय होईल, याचे उत्तर डेन्मार्कने शोधले. तेथे ६५ ते ७४ वर्षे वयाच्या ४६,६११ पुरुषांपैकी १६,७३६ जणांस हृद्‌रोहिण्यांतील कॅल्शियम, महारोहिणीचा विस्फार, घोट्याचा रक्तदाब, हृदयाची लय, कोलेस्टेरॉल व रक्तशर्करा या सर्वांच्या एकत्रित तपासणीचे निमंत्रण देण्यात आले. २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. सुमारे साडेपाच वर्षांत निमंत्रितांपैकी १२.६ टक्के व इतरांपैकी १३.१ टक्के मृत्यू पावले. हा फरक संख्याशास्त्राच्या रूढ सीमेच्या किंचित अलीकडेच राहिला. वयाप्रमाणे गट पाडून पाहिले असता सत्तरीच्या आतील पुरुषांत मृत्यूचा धोका ११ टक्क्यांनी कमी दिसला. सत्तरीपुढील गटात काहीच फरक नव्हता. उपगटांच्या आकड्यांवर फार विसंबू नये हे खरे, तरीही त्यांची दिशा विचार करावयास लावणारी आहे. विकार सर्वांत जास्त जेथे दिसतो त्या वयात तो पाहण्याचा लाभ सर्वांत कमी असावा, हे वरवर विपरीत वाटते. परंतु विलेप जमावयास तीस-चाळीस वर्षे लागतात आणि औषधास त्याचे काम करावयास काही वर्षे हवी असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील विपरीतपणा जातो.

आपल्याकडील परिस्थितीस हे सारे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. अमेरिकेतील ज्या बहुवांशिक पाहणीवर कॅल्शियम-संख्येची कोष्टके आधारलेली आहेत तीत दक्षिण आशियाई वंशाचे लोक नव्हतेच. ती उणीव भरून काढण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को व शिकागो येथील दक्षिण आशियाई वंशाच्या ९०६ रहिवाशांची मसाला या चटकदार नावाची पाहणी २०१० मध्ये सुरू झाली. तीतील पुरुषांत कॅल्शियमचे प्रमाण गोऱ्या पुरुषांइतकेच व इतर वंशगटांहून अधिक आढळले. पण हे सुशिक्षित, सुस्थित स्थलांतरित होते. सोलापूरच्या विणकरास किंवा मराठवाड्यातील शेतमजुरास त्यांच्या आकड्यांत बसविणे धाडसाचे होईल. भारतात विस्फारासाठी राष्ट्रीय चाळणी योजना नाही. दुसरीकडे शहरोशहरी प्रयोगशाळा व रुग्णालये ‘संपूर्ण शरीरतपासणी’च्या नावाखाली लक्षणरहित वृद्धांचे मान, पोट व हृदय यांचे चित्रण सवलतीच्या दरात करून देतात, आणि मुले ती आईवडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून देतात. भेटीमागील माया खरी असली तरी त्यातून हाती येणाऱ्या मानेच्या अहवालाचे गणित वर मांडलेलेच असते.

नवे चित्र न काढता जुन्याच चित्रांतून माहिती मिळविण्याचा मार्ग त्या मानाने अधिक आशादायक वाटतो. फुफ्फुसासाठी काढलेल्या साध्या छातीच्या छेदचित्रातही हृद्‌रोहिण्यांतील कॅल्शियम दिसते. ते विद्युत्-आलेखाशी जुळविलेले नसल्याने अचूक संख्या मिळत नाही, पण ‘नाही, सौम्य, मध्यम, तीव्र’ अशी प्रतवारी अनुभवी डोळ्यास करता येते. अमेरिकेतील एका लहान प्रयोगात असे कॅल्शियम जुन्या चित्रांत आढळलेल्या, पण स्टॅटिन न घेणाऱ्या १७३ रुग्णांची विभागणी करण्यात आली. ज्यांना व ज्यांच्या डॉक्टरांना ते चित्रासह कळविले त्यांपैकी ५१.२ टक्के रुग्णांना सहा महिन्यांत औषध लिहून दिले गेले. ज्यांना कळविले नाही त्यांच्यात हे प्रमाण ६.९ टक्के होते. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शहरांत वृद्धांच्या छातीची अशी चित्रे मोठ्या संख्येने काढली गेली. ज्या रुग्णालयांनी ती जतन केली आहेत, तेथे फुफ्फुसाच्या अहवालात हृद्‌रोहिण्यांचा उल्लेख किती ठिकाणी झाला व त्या माणसांचे पुढे काय झाले, हे नोंदी चाळून काढता येईल. एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास ही सामग्री सहज पुरेल, आणि त्यासाठी एकाही वृद्धास पुन्हा यंत्राखाली जावे लागणार नाही.